आरशासमोरची दोन बोटं

गणपतीत ताई आली होती माझ्याकडे. ताई म्हणजे माझी मावसबहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, आता एकसष्ट. दुपारची जेवणं उरकलेली, घरभर तुपाचा आणि उदबत्तीचा एकत्र वास, बाकीची मंडळी बाहेरच्या खोलीत लवंडलेली, आणि मी आत साड्यांच्या घड्या करत बसले होते. ती कपाटाच्या आरशासमोर जाऊन उभी राहिली. बराच वेळ नुसतीच बघत होती. मग तिने दोन्ही हातांची दोन-दोन बोटं कानांपुढे टेकवली, गाल मागे ओढले आणि तशीच आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "बघ गं, दहा वर्षं गेली ना?" मी घडी घालता घालता, मान वर न करताच म्हटलं, "छे, तुला काय गरज आहे असल्या गोष्टींची, छान दिसतेस की." तिने बोटं सोडली. गाल हळूच जागेवर आले, आणि मग चेहरा पडला तो वेगळाच. "तू बघितलंसच नाहीस," एवढंच म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

आठवड्याने तिचा फोन आला तेव्हा तिने नीट सांगितलं. तिचा नातू चार वर्षांचा. ही टेबलावरच्या फोनमध्ये खाली बघत काहीतरी वाचत होती, मन अगदी मजेत होतं, आणि तो मांडीशी येऊन विचारतो, "आजी, तू रागावलीस?" ती म्हणाली नाही रे राजा. तर तो परत विचारतो, मग अशी का बघतेस. त्याआधी भजनी मंडळात दोघीतिघींनी विचारलेलं, बरं नाही का, झोप होत नाही का. बँकेतून रिटायर होऊन तिला तीन वर्षं झालीयेत आणि ती म्हणते तसं आयुष्यात पहिल्यांदा तिची झोप पुरी होतेय, तब्येत उत्तम आहे, टेकडी चढते, आणि जो तो विचारतो बरं नाही का. "मी थकलेली नाहीये गं," म्हणाली, "माझा चेहरा थकलाय, आणि तो माझ्या वतीने वाट्टेल ते बोलत सुटलाय." मला त्यावर काही बोलताच आलं नाही. मला इतके दिवस वाटत होतं की तिला तरुण दिसायचंय, आणि तिला नुसतं हवं होतं की आत जे चाललंय तेच बाहेर दिसावं.

त्या रात्री अकरा वाजता तिने व्हॉट्सॲपवर क्रिस जेनरचा फोटो पाठवला, खाली एकच ओळ, "हिचं वय माहितीये?" अमेरिकन रिॲलिटी टीव्हीवरच्या कार्दशियन बहिणींची आई ती. 2025 च्या मे महिन्यात तिचे पॅरिसमधले फोटो आले तेव्हा ती एकोणसत्तर वर्षांची होती आणि पोरींच्या शेजारी उभी राहिली तर बहीण वाटत होती. लोकांनी तर्क लढवले, मग तिच्या टीमने सरळ सांगून टाकलं की न्यूयॉर्कच्या डॉक्टर स्टीव्हन लेव्हिन यांनी काम केलंय. पुढे तिने स्वतःही सांगितलं की साधारण पंधरा वर्षांपूर्वी एक फेसलिफ्ट, म्हणजे सैल पडलेला चेहरा उचलायचं ऑपरेशन, केला होता, आता पुन्हा करायची वेळ झाली होती. तो पहिला 2011 चा, मुलीच्या लग्नाआधी, आणि तो तर टीव्हीवरच दाखवला होता. मी ते फोटो झूम करकरून बघत बसले. मेकअप आहे, लाइटिंग आहे, फोटोवर नंतर काय केलं असेल ते वेगळंच, त्यामुळे नुसता फोटो बघून आत काय काय केलंय ते छातीठोक सांगणारे जे व्हिडिओ असतात त्यांच्यावर माझा अजिबात विश्वास नाही. पण एक गोष्ट नक्की दिसत होती. चेहरा तिचाच होता. कुठेही ओढलेला वाटत नव्हता. आणि फेसलिफ्ट म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर जे यायचं ते नेमकं उलटं होतं, तोंडाचे कोपरे कानांकडे चाललेले, जणू माणूस चालत्या लोकलच्या दारात उभा आहे आणि समोरून वारा येतोय.

मग मी वाचायला लागले. एकदा एखाद्या गोष्टीत शिरले की मला थांबता येत नाही, आणि इथे तर मनात ताईचं ते वाक्य होतं.

जुन्या पद्धतीत काय करायचे, तर कानापुढची कातडी उचलायची, मागे ओढायची, जास्तीची कापायची आणि शिवून टाकायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत, फ्रान्समध्ये हे सुरू झालं तेव्हापासून कित्येक वर्षं साधारण हेच. पण कातडी म्हणजे ताणणारी गोष्ट, ती पुन्हा सैल पडणारच, मग अजून ओढा. हे वाचताना मला लग्नात साडी नेसवण्याची आठवण झाली. परकराची नाडी सैल राहिली असेल ना, तर वरून पदर कितीही खेचा, पिना कितीही लावा, साडी घसरतच राहते, आणि खेचलेल्या पदराच्या चुण्या मात्र सगळ्या हॉलला दिसतात. खरं काम आत असतं. कातडीच्या खाली चरबी असते आणि त्याच्या खाली स्नायू आणि पडद्यासारखा एक सलग थर असतो, त्याला डॉक्टर लोक स्मास म्हणतात. स्वीडनच्या स्कूग यांनी 1974 मध्ये या थराच्या खालून चेहरा उचलायची पद्धत मांडली, 1976 मध्ये पॅरिसच्या मित्झ आणि पेरोनी यांनी तो थर नीट वर्णन करून दाखवला, आणि 1990 मध्ये अमेरिकेत सॅम हॅमरा यांनी डीप प्लेन म्हणून जी पद्धत मांडली तिचं नाव आज प्रत्येक रीलमध्ये ऐकू येतं. हाडाला चेहरा जिथे जिथे बांधून ठेवलेला असतो ते बंध सोडवायचे, आतला थर वरच्या कातडीसकट एकत्र उचलायचा, आणि सगळा ताण त्या आतल्या थरावर घ्यायचा. वरची कातडी मग नुसती पसरून बसवायची, ओढायची नाही. टाक्यावर ताण नसला की व्रणही बारीक राहतो, कानाची पाळी गालाला चिकटल्यासारखी होत नाही. ती पाळी खाली खेचलेली दिसली किंवा कल्ल्याचे केस वर गायब झाले, की जाणकार माणसाला कळतं इथे काय झालंय.

आणि दिशा. हे मला फार आवडलं. आपण सगळे जण आरशासमोर गाल मागे ओढतो, ताईने ओढले तसेच. पण चेहरा मागून पुढे आलेला नसतोच, तो वरून खाली आलेला असतो. त्यामुळे उचलायचा तर वर, थोडा तिरका, कानाकडे आडवा नाही. आडवा ओढला की तोंड रुंद होतं, डोळे लांबतात, आणि तो वारा लागलेला चेहरा तयार होतो. एवढी साधी गोष्ट, पण मी बाथरूममध्ये जाऊन दोन्ही करून बघितलं, आधी मागे, मग वर. मागे ओढल्यावर मी कोणीतरी दुसरीच बाई दिसत होते. वर उचलल्यावर मी पस्तिशीतली मी दिसले, आणि तिला इतक्या वर्षांनी बघून मला एकदम भरून आलं.

पण फोटोतून फक्त अर्धंच कळतं.

बाबांना चौसष्टाव्या वर्षी चेहऱ्याचा लकवा झाला होता, बेल्स पाल्सी म्हणतात तो. सकाळी चूळ भरली तर पाणी एका बाजूने गळायला लागलं. उजवा डोळा मिटेना, रात्री त्यावर टेप लावून झोपवायचो. भुवई वर जात नव्हती, त्या बाजूच्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा गेल्या होत्या. म्हणजे बघा, उजवी बाजू एका अर्थाने तरुण झाली होती, गुळगुळीत, एकही सुरकुती नाही, आणि तीच बाजू आम्हाला बघवत नव्हती. ते हसायचे तेव्हा चेहऱ्याचा अर्धा भाग यायचा आणि अर्धा तिथेच बसून राहायचा. फिजिओथेरपीवाल्या मॅडम त्यांना फुगे फुगवायला लावायच्या, शिट्टी वाजवायला लावायच्या. औषधं वेळेत सुरू झाली होती, तीनेक महिन्यांत बरंच परत आलं. ज्या दिवशी उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात पहिल्यांदा पुन्हा सुरकुती उमटली त्या दिवशी आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला आत्ता वाचताना कळलं की ती सगळी हालचाल ज्या एका नसेवर चालते ती कानाच्या खालून, मागच्या हाडातल्या बारीकशा भोकातून बाहेर येते आणि पुढे पंजासारखी पाच फाट्यांनी चेहरा सांभाळते, कपाळ, डोळा, गाल, खालचा ओठ, मान. आणि फेसलिफ्टमध्ये जे खोल जाऊन काम करायचं असतं ते या फाट्यांच्या अगदी शेजारी. म्हणून हे काम ज्याने आयुष्यभर तेच केलंय अशाच माणसाकडे करावं म्हणतात. तात्पुरता एखादा भाग कमकुवत होणं होऊ शकतं, बहुतेक वेळा परत येतं, कायमचं राहणं दुर्मिळ. पण दुर्मिळ हा शब्द बाबांची उजवी बाजू बघितलेल्या मुलीला पुरत नाही.

तेव्हापासून मी नट्यांचे फोटो बघणं सोडलं आणि मुलाखतींचे व्हिडिओ बघायला लागले, आवाज बंद करून. हसताना डोळे येतात का सोबत. आश्चर्य वाटलं की भुवया वर जातात आणि मग परत खाली येतात का. काहींचे चेहरे फोटोत सुरेख आणि बोलायला लागले की एकेक भाग आपापला चाललाय. त्यात फेसलिफ्टचाच दोष असतो असं नाही हं, कितीदा तर ते फिलर असतं, इंजेक्शनने गालात भरतात ते, वर्षानुवर्षं भरत गेलेलं, गाल उशीसारखे. खाली आलेला चेहरा वर उचलायच्या ऐवजी भरून भरून फुगवला की असं होतं. आणि नैसर्गिक हा शब्द जो सगळे वापरतात तो मला तेव्हा कळला. त्याचा सुरकुत्यांशी संबंध फार कमी आहे. चेहरा एकत्र हलतो का, आणि मनाबरोबर हलतो का, एवढंच.

शॅरन ऑस्बॉर्नची, म्हणजे रॉक गायक ऑझी ऑस्बॉर्नच्या बायकोची, गोष्ट वाचून मात्र पोटात गोळा आला. तिने ऑक्टोबर 2021 मध्ये करून घेतला, साडेपाच तास चालला, आणि नंतर तिने स्वतःच सांगितलं की ती भयंकर दिसत होती, एक डोळा दुसऱ्यापेक्षा वेगळा, शुद्धीत आल्यावर हे काय झालं असं झालं तिला. नवऱ्याने म्हटलं कितीही खर्च होऊ दे, पुन्हा करून घेऊ. पैसा, ओळखी, जगातले डॉक्टर, सगळं हाताशी असलेल्या बाईचं हे. हॉलिवूडची नटी जेन फोंडा, तिने 2022 मध्ये सांगितलं की तिने फेसलिफ्ट केला होता, त्याचा तिला अभिमान नाही, आणि चेहरा बिघडलेला दिसायला नको म्हणून ती थांबली. ती तेव्हा चौऱ्याऐंशीची. मला तिचं ते थांबणं फार मोठं वाटतं, कारण या वाटेवर थांबायची खूण कुणी लावून ठेवलेली नाही. आणि रेने झेल्वेगर, तीही हॉलिवूडचीच नटी. 2014 मध्ये एका कार्यक्रमात ती आली आणि जगभरच्या लोकांनी ठरवून टाकलं की हिने चेहरा बदलला, ही ओळखूच येत नाही. दोन वर्षांनी तिने लिहून सांगितलं की मी असलं काही केलेलं नाही. पंचेचाळीस वर्षांची बाई पंचेचाळीस वर्षांची दिसली म्हणून तिला जगाला उत्तर द्यावं लागलं, याचा मला आजही राग येतो. काही केलं तरी बोलणार आणि नाही केलं तरी बोलणार. म्हणून मला मार्क जेकब्स आवडला, तो फॅशनवाला. 2021 मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी फेसलिफ्ट करून त्याने स्वतःचा फोटो टाकला, डोक्याला बँडेज, कानाजवळून नळ्या लोंबतायत, लपवलं नाही काही. त्यामुळे लोकांना निदान दिसलं की हे दुपारी जाऊन संध्याकाळी पार्टीला जायचं काम नाही. पहिले दोन आठवडे सूज, काळेनिळे डाग, कानाभोवती महिनोन्महिने बधिरपणा, आणि पुरुषांना तर अजून एक, दाढीची कातडी वर सरकते त्यामुळे कानाच्या अगदी तोंडाशी दाढी करावी लागू शकते. ज्या तारका अशा वेळी भरपूर पाणी आणि आठ तास झोप एवढंच सांगतात त्या किती बायकांना फसवतात. ताईने किती पाणी प्यायलंय गेल्या पाच वर्षांत, तिलाच माहीत.

सारखी आजी आठवत होती या दिवसांत. आजीची कवळी रात्री स्टीलच्या वाटीत पाण्यात असायची. सकाळी ती यायची तेव्हा तोंड आत गेलेलं, नाक हनुवटीला टेकायला आलेलं, गाल रिकामे. कवळी बसवली की खट्कन दहा-पंधरा वर्षं कमी. कातडीला कुणी हातही लावलेला नसायचा. हाड झिजतं वयाने, डोळ्याच्या खोबणी मोठ्या होतात, जबडा मागे जातो, गालातली चरबी कुठे ओसरते तर कुठे घसरून साठते, आणि त्यावर बेतलेली कातडी मग मोठी होते, वजन उतरल्यावर ब्लाउज होतो तशी. हल्ली वजन कमी करायच्या इंजेक्शनांनी भराभर उतरलेल्यांचे चेहरे एकदम वयस्कर दिसतात ते यामुळेच. म्हणून नुसतं उचलून भागत नाही, कुठे कुठे पोटावरची थोडी चरबी घेऊन गालात भरतात. आणि कातडीचे डाग, बारीक रेघा या कशाने जात नाहीत, त्याचं काम वेगळं.

आणि या सगळ्यात अचानक पुणे भेटलं मला. टिपूच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक मराठा बैलगाडीवान होता. 1792 मध्ये तो पकडला गेला आणि टिपूच्या लोकांनी त्याचं नाक कापलं. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवीन नाक लावून दिलं, मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी बघितलं आणि ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये चित्रासकट छापून आलं. मेणाच्या पातळ पत्र्याचं आधी नाक करून बघायचं, तो पत्रा चपटा करून कपाळावर ठेवायचा, तेवढी कातडी आखून सोडवायची, पण भुवयांच्या मध्ये एक पट्टी जोडलेलीच ठेवायची, रक्त चालू राहायला. मग ती कातडी वळवून खाली बसवायची आणि वरून काय, तर कात! आपल्या पानात असतो तो कात, पाण्यात भिजवून कापडाच्या पट्ट्यांवर लावलेला, त्याच पट्ट्या एकावर एक. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेली कापडं. पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापायची. ते वाचून कार्पू नावाच्या सर्जनने 1814 मध्ये लंडनमध्ये करून बघितलं आणि तिथून ही विद्या युरोपभर गेली. त्या पुण्याच्या कारागिराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही, मला त्याचं फार वाईट वाटतं. उचललेल्या कातडीचं रक्त तुटता कामा नये हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि आज फेसलिफ्टच्या आधी सिगरेट बंद करायला लावतात ती त्याच कारणाने, रक्त कमी पोचलं की कानाजवळची कातडी काळी पडते, मरते. आपल्याकडे नाक कापलं जाणं म्हणजे अब्रू जाणं. कावसजीला नाक परत मिळालं तेव्हा त्याला नटवा कुणी म्हटलं नसेल.

हे मी ताईला फोनवर सगळं सांगितलं. सुझान नोएलबद्दलही सांगितलं, पॅरिसची डॉक्टर बाई, पहिल्या महायुद्धात सैनिकांचे फाटलेले चेहरे दुरुस्त करणारी आणि वय दिसतं म्हणून नोकरीवर पाणी सोडावं लागणाऱ्या बायकांचे चेहरे उचलणारी, 1926 मध्ये पुस्तकच लिहिलं तिने या शस्त्रक्रियेचा समाजात काय उपयोग यावर. ताई खूप वेळ गप्प होती. मग म्हणाली, "येशील माझ्याबरोबर दाखवायला?"

गेलो आम्ही. डॉक्टर तरुण नव्हते, घाई नव्हती त्यांना. आधी बीपीच्या गोळ्या विचारल्या, कारण ऑपरेशननंतर कातडीखाली रक्त साठणं हा सगळ्यात नेहमीचा त्रास आणि बीपी चढलं की तो वाढतो. मग तिला उताणं झोपवून हातात छोटा आरसा दिला आणि म्हणाले, साधारण एवढाच फरक, याहून जास्त मी करणार नाही, जास्त केलं तर तुम्ही तुम्ही राहणार नाही. आणि पस्तिशी-चाळिशीतले फोटो आणायला सांगितले, मेकअप नसलेले, हसतानाचेसुद्धा.

त्या रात्री आम्ही दोघी अल्बम घेऊन बसलो. चिकटलेली पानं, मधला तो पिवळा पडलेला बटर पेपर, दोघींच्या बोटांना धूळ. गणपतीपुळ्याचा एक फोटो सापडला, ताई वाळूत बसलीये, केस विस्कटलेले, हसतेय, आणि तोंडाचा डावा कोपरा उजव्यापेक्षा वर गेलाय. पुढच्या फोटोतही तेच. लग्नात, बारशात, बँकेच्या निरोप समारंभात, प्रत्येक हसण्यात डावा कोपरा वर. इतकी वर्षं एकत्र वाढलो आणि मी हे कधी बघितलंच नव्हतं. मावशीही तशीच हसायची.

तारीख दिवाळीनंतरची मिळालीये. डोक्यातून घालायचे कपडे चालणार नाहीत म्हणून काल लक्ष्मी रोडला जाऊन पुढे बटणं असलेले तीन गाऊन आणले, एक जांभळा, दोन निळे. घरी आल्यावर ती पुन्हा त्याच आरशासमोर उभी राहिली, ह्या वेळी हात खाली, नुसती हसून बघत होती. "हे असंच राहील ना गं? हा कोपरा?"

मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्या शेजारी जाऊन आरशात नीट बघितलं. "मला नाही माहीत," म्हटलं, "गणपतीपुळ्याचा फोटो घे बरोबर. उद्याच जाऊन त्यांना विचारू."